अव्वा, अक्का आणि जपानी सारु

"पोरगी तिथे जाऊन काय खाणार, ते आधी मला खाऊन बघू दे," असे फर्मान अव्वाने काढले आणि २०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपल्यावर, मी तिला घेऊन हैदराबादला निघालो. पहाटे सोलापूरला हुसेनसागर एक्स्प्रेस पकडली की दुपारी नामपल्ली. स्टेशनपासून अक्काचे घर तसे जवळ. पण जानेवारीत तिथे नुमाइश भरलेली असते. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली सुरू केलेले हे प्रदर्शन १९४६ पासून नामपल्लीच्या मैदानावर भरते, आणि ते चालू असेपर्यंत ऑटोवाला अक्काच्या गल्लीचे नाव काढू देत नाही. पंचाहत्तरीची अव्वा काठी टेकत, गर्दीला कानडीत बोल लावत चालत घरी पोचली.

माझ्या भाचीला जपानमध्ये नागोया शहरात नोकरी लागली होती. तिकडे नव्या माणसांची भरती एप्रिलमध्ये होते, म्हणजे हातात अडीच महिने. पोरीने दोन वर्षे खपून जपानी भाषा शिकली होती. दाजी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगत होते. अक्काला मात्र झोप नव्हती. आमचे घर शाकाहारी, अंडेसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. शेंगाचटणी, कारळचटणी, मेतकूट, गुरळ्या, तळलेल्या मिरच्या अशी यादी अक्काने करून ठेवली होती, आणि विमानात किती किलो नेऊ देतात हे ती रोज विचारत होती.

अव्वाच्या हुकमानुसार दुसऱ्या दिवशी जपानी स्वयंपाक ठरला. भाचीने जिनसा आधीच जमवून ठेवल्या होत्या. माझ्याकडे भात दिला. सोपे म्हणून दिला असावा. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट. हैदराबादचा सोना मसुरी त्याला चालत नाही, म्हणून मी सोलापुराहून इंद्रायणी नेला होता. आपल्याकडे भात चिकट झाला तर सून नापास होते. तिकडे मोकळा झाला तर. काड्यांनी उचलायचा तर शिते एकमेकांना धरून हवीत. पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत तांदूळ धुवायचे, अर्धा तास भिजवायचे, मग झाकण घालून मंद आचेवर ठेवायचे आणि शिजून वाफ मुरेपर्यंत झाकण उघडायचे नाही. मी दोनदा उघडले. पंचवीस वर्षे मुलांना पेपर उघडून बघू नका म्हणून सांगणारा माणूस, पण झाकणापुढे टिकला नाही.

खरे लक्ष सगळ्यांचे होते ते सारावर. भाचीने लाकडाच्या ढलपीसारखा एक काळा तुकडा काढला. "हा कोम्बू. समुद्रातली वनस्पती आहे, मासा नाही," तिने आधीच सांगून टाकले. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम. वरची पांढरी भुकटी धुवायची नाही, ओल्या फडक्याने नुसते पुसायचे, कारण चव तिथे असते. गार पाण्यात अर्धा तास भिजवून पातेले मंद आचेवर ठेवायचे आणि उकळी फुटायच्या आत तुकडा काढून घ्यायचा, नाहीतर पाणी बुळबुळीत होते. शेजारी वाळलेल्या शिताके अळिंब्या रात्रीपासून भिजत होत्या. त्यांचे तपकिरी पाणी यात ओतले. झाली दाशी तयार. जपानी स्वयंपाकाचा पाया हा.

अक्काने पदर नाकाला लावला. अव्वाने मात्र चमचाभर पाणी तळहातावर घेऊन चाखले आणि म्हणाली, "हे म्हणजे कट." पुरण शिजवून डाळीवरचे पाणी काढतो, त्याचीच कटाची आमटी करतो, आपल्या कानडी घरांत त्याला कट्टिन सारु म्हणतात. तिची उपमा अगदी नेमकी बसली. पाण्यात उतरलेली चव, तिच्यावर पुढचे सगळे. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी या कोम्बूच्याच पाण्यातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पंक्तीला पाचवी चव बसवली, उमामी. पुढच्याच वर्षी ते पांढऱ्या पुडीत विकायला आले. चायनीजच्या गाड्यावर दिसते ते अजिनोमोटो हेच.

मग मिसो. सोयाबीन शिजवून, मीठ घालून, बुरशी चढवलेल्या तांदळाबरोबर महिनोन् महिने मुरवलेला हा तपकिरी गोळा. बुरशी म्हटल्यावर अक्का उठूनच उभी राहिली. "आणि इडलीचं पीठ रात्रभर काय करत असतं?" अव्वाने विचारले. दाशीत टोफू सोडला, गॅस बंद केला आणि मगच मिसो विरघळवला. मिसो उकळला की वास मरतो. सोबत तीन वाट्या: उकडून पिळलेल्या पालकाला भाजल्या तिळाचे कूट आणि सोया सॉस, काडेपेटीतल्या काड्यांएवढे चिरून परतलेले गाजर, आणि काकडीला व्हिनेगर-साखर. एक सार नि तीन पदार्थ ही तिथल्या घरगुती ताटाची जुनी रीत. पालकाला लावलेले तीळ भोगीच्या भाकरीसाठी आणलेल्या पुडीतले होते, त्यामुळे अव्वाने ती वाटी दोनदा मागून घेतली.

जेवायला बसलो. मी काड्या हाताळून दमलो आणि भातात उभ्या खोचून ठेवल्या. भाची ओरडली, "मामा, तसं नाही! तिथे मेलेल्या माणसापुढे ठेवायच्या भातात तशा खोचतात." अव्वाने लगेच हात पुढे करून त्या काढून टाकल्या. तिला समजावून सांगावे लागले नाही. सार वाटी तोंडाला लावून प्यायचे असते हे कळल्यावर तिने सरळ भुरका मारला, आणि निकाल दिला, "सप्पे ऐति." अळणी आहे. थोड्या वेळाने, "पण वाईट नाही."

एवढ्यावर दिवस गोडीत संपला असता. पण दाजींनी सहज विचारले, "म्हणजे तिथे असं सार रोज मिळेल?" भाची गप्प झाली. मग तिने जे सांगितले ते मला आवडले, कारण खोटे बोलणे सोपे होते. दाशी बहुतेक घरांत आणि खाणावळींत नुसत्या कोम्बूची नसते. त्यात कात्सुओबुशी असते, वाळवून धुरावलेल्या माशाचे पातळ काप. ते सारात असते, शिजवलेल्या भोपळ्यात असते, नूडल्सच्या रश्शात असते. सातव्या शतकात तिथल्या सम्राटाने गाय, घोडा, कोंबडी अशा प्राण्यांचे मांस खाण्यावर बंदी घातली होती, पण मासा तिच्यात नव्हता. बौद्ध मठांतला शोजिन स्वयंपाक तेवढा पूर्ण शाकाहारी, आणि आपल्या चातुर्मासासारखा कांदा-लसणाविनाही. आम्ही जेवलो ते त्या वळणाचे. टोकियोच्या एदोगावा भागात भारतीय कुटुंबे पुष्कळ. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ तिथल्या स्थानिक सभेवर निवडूनही आले. पण नागोया टोकियोपासून साडेतीनशे किलोमीटर. "घरी मी हेच करीन. ऑफिसात, कुणाच्या घरी, प्रत्येक वाटीत काय आहे ते मला विचारता येईलच असं नाही," भाची म्हणाली.

अक्काने हातातली वाटी खाली ठेवली. "माझी शपथ घे. पाणी पिऊन राहशील, पण ते तोंडात घालणार नाहीस."

"मी शपथ घेणार नाही, आई."

बाहेर नुमाइशचा भोंगा वाजत होता. दाजी ताटाकडे बघत बसले. मी मध्ये बोलणार तेवढ्यात अव्वाने अक्काकडे वळून बोलायला सुरुवात केली. ती इंडी तालुक्यातली. लग्न होऊन सोलापूरला आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. माहेरी कांदा-लसूण वर्ज्य, आणि निघताना तिच्या आईने तिला शपथ घातली होती. सासरी तर प्रत्येक आमटीला लसणाची फोडणी. अव्वाने तीन महिने भाकरी आणि दह्यावर काढले. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती, भाषाच नव्हती. मग एके दिवशी भुकेने आमटी ओरपली.

"माझी आई दर पत्रात विचारायची. मी दर पत्राला होय, पाळते, असं लिहवून घ्यायचे. ती जाईपर्यंत. तेरा वर्षं." अव्वा अक्काला म्हणाली, "शपथ घातलीस तर ही तुझ्याशी खोटं बोलेल. मी बोलले."

हे आम्हा दोघा भावंडांना तोवर माहीत नव्हते. आमच्या घरची लसूण-चटणी, जिच्यासाठी नातेवाईक सोलापूरला येतात, ती अव्वाच्या हातची.

अक्का काही बोलली नाही. उठून भांडी गोळा करू लागली. सारातून काढलेला कोम्बू ओट्यावर तसाच पडला होता. "हे टाकायचं का?" तिने विचारले. भाची म्हणाली, बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवतात. अक्काने तो चिरला, आटवला, आणि शेवटी कुणी सांगितले नसताना त्यात दोन चमचे शेंगाचटणी घातली. रात्री अव्वाने ते ज्वारीच्या भाकरीला लावून खाल्ले.

एप्रिलमध्ये भाची गेली. बॅगेत मेतकूट आणि चटण्या होत्याच. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणून अक्का संध्याकाळी पाचला फोन करते, तेव्हा पोरीचे जेवण झालेले असते. "ऊटा आतेन?" जेवलीस का, एवढे विचारते. काय जेवलीस, हे विचारत नाही.