प्रवासवर्णनाचे भांडवल

कोणा एका नियतकालिकाची चाकरी न पत्करता प्रवासवर्णने लिहून चरितार्थ चालवावा, असा विचार मी घरी बोलून दाखविला, तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न केला, ‘‘प्रवासाला पैसा कोण देणार?’’ प्रश्न रास्त होता. प्रवासाचा खर्च आधी करावा लागतो; मानधन मागाहून, आणि तेही संपादकांच्या सवडीने हाती येते. म्हणून सकाळच्या शिकवण्या मी सोडल्या नाहीत.

या मार्गावरील आपले पूर्वसूरी वरसईचे विष्णुभट गोडसे. परंतु तेही लेखक होण्यासाठी घराबाहेर पडले नव्हते. घरचे कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. पाहिलेले मात्र कोणाला लुटता आले नाही. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते लिहून काढले. ‘माझा प्रवास’ छापून निघाला तो १९०७ साली, त्यांच्या पश्चात. नवशिक्या प्रवासलेखकाने ही हकीकत ध्यानात ठेवावी.

दूरदेशी जाण्याची ऐपत नव्हती, तेव्हा मी वरणगावापासूनच आरंभ केला. जवळच चांगदेव येथे तापी-पूर्णेचा संगम आहे. ज्ञानदेवांना लिहावयाच्या पत्राचा मायना आशीर्वादाचा असावा की नमस्काराचा, हे न उमजल्याने चांगदेवांनी कोराच कागद पाठविला, अशी कथा आहे. पहिला लेख लिहू पाहणाऱ्याचीही गत तीच होते. वाचकाला उपदेश करावा की त्याची मनधरणी करावी, हे कळेनासे होते. मी दोन्ही टाळले. संगमावर पाणी कोणत्या दिवसांत किती असते, हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात ते पाहावयास कोणत्या वेळी जावे, परतीची शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, हे स्वतः जाऊन पाहिले आणि तेवढेच लिहिले. तो लेख स्वीकारला गेला.

खरी कसोटी पुढे लागली. थोडे नाव झाल्यावर एका थंड हवेच्या ठिकाणच्या विश्रामगृहाच्या मालकांनी राहणे, जेवण आणि मोटार, सारे विनामूल्य देऊ केले. अट कोणतीच घातली नव्हती. परंतु ज्याचे मीठ खावे त्याच्या अन्नातील खडे मोजवत नाहीत. घरात पैशाची चणचण होती. तरीही मी साभार नकार कळविला. त्या वर्षी ते ठिकाण माझ्याकडून पाहणे झाले नाही.

ही सोवळेपणाची हौस नव्हे. लेख वाचून एखादा शिक्षक किंवा कारकून वर्षभराच्या शिलकीतून मुलाबाळांसह त्या गावी जातो. आपण छापलेल्या शब्दावर तो गाठीचा पैसा मोडतो. त्याने ठेवलेला हा विश्वास हेच प्रवासलेखकाचे खरे भांडवल. ते फुकटच्या चार मुक्कामांवर उधळून धंदा कसा चालावा?