भेट सहाव्या महिन्याची

आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. स्टेशनबाहेरच्या गाडीवरून मोसंबी, दोन शहाळी, ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. उल्हासनगरात सिंधी सोयरे असतील तर मिठाईचा डबाही. या रिवाजामागे शहाणपण आहे. टायफॉइड असो, कावीळ असो, माणूस अशक्त झालेला असतो, तोंडाला चव नसते, दोन घास जास्त गेले तर बरंच. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र हा हिशेब उलटा होतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. जे उरतं त्यात जेमतेम एक वाटी मावते. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या माणसानं गोड रस किंवा मिठाई खाल्ली की ती भराभर आतड्यात उतरते. मग घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. म्हणजे आपण प्रेमानं नेलेली पिशवी घरातल्या इतरांच्याच पोटात जाते. एवढं आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. आपली भेट वस्तू म्हणून चुकते त्याहून जास्त ती वेळेला चुकते. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं आणि खरी गरज सुरू होते तेव्हा कुणीच फिरकत नाही.

या शस्त्रक्रियेकडे बघण्याची आपली नजरच तशी घडली आहे. 2011 मध्ये नितीन गडकरींनी ती करून घेतली आणि मराठी घरांतून तिची चर्चा सुरू झाली. 2017 च्या फेब्रुवारीत इजिप्तहून इमान अहमद याच शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, तेव्हा तिचं वजन किती किलो उतरलं याचे आकडे रोज छापून येत होते. किलो मोजायला सोपे असतात. पुढची वर्षं कोण मोजणार? विम्याचंही तेच. 2020 पासून विकल्या जाणाऱ्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 किंवा त्याहून जास्त असून जोडीला आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा हृदयविकारासारखं गंभीर दुखणं असेल, तर ही शस्त्रक्रिया बसते. पण रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च साठ दिवसांपुरता. शरीराचं वेळापत्रक निराळं आहे. केस गळायला लागतात ते साधारण तिसऱ्या महिन्यानंतर. बी-12 चा साठा यकृतात असतो, तो संपत येईपर्यंत काही कळत नाही. आणि उतरलेलं वजन परत चढू लागलंच, तर ते बहुधा दीड-दोन वर्षांनी. विमा थांबतो, पाहुणे थांबतात, तिथून पुढचा सगळा भार त्या घरावर.

पहिल्या महिन्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे पैशांपेक्षा हात लागतात. ऑपरेशन मुंबई-ठाण्याला होतं, पण बरं व्हायचं असतं बदलापूरच्या नाहीतर अंबरनाथच्या घरात, जिथे पाणी येईल त्या वेळी भरून ठेवावं लागतं. महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, असं डॉक्टर सांगतात. भरलेली बादली पंधरा किलोच्या आसपास, भरलेला सिलेंडर तीसच्या आसपास. शेजाऱ्यानं रोज पाणी भरून दिलं, तर त्यापुढे कुठल्याही पुष्पगुच्छाची मातब्बरी नाही. वस्तूच द्यायची तर सिरपच्या बाटलीवर येतं तसलं खुणांचं छोटं प्लॅस्टिकचं माप द्यावं. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात जायला हवं, तेही घोट घोट, जेवणाबरोबर अजिबात नाही; मोठा ग्लास हातात असला की सवयीनं घटाघट प्यायलं जातं आणि छातीत कळ येते. तीस मिलिलिटरच्या मापानं ते होत नाही. परदेशी दुकानांत अशा रुग्णांसाठी रंगीत ताटल्या-चमच्यांचे संच विकतात. आपल्या स्वयंपाकघरात लोणच्याची वाटी आणि बाळाचा चमचा आधीपासून असतो. आणि एक. 'ताकद यावी' म्हणून डाळीवरचं निवळ पाणी नेऊ नका. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, ती खाली बसलेल्या डाळीत राहतात. या माणसाला दिवसाला साठ ग्रॅमच्या वर प्रथिनं हवीत, आणि एका अंड्यात ती सहाच ग्रॅम असतात. म्हणून आहारतज्ज्ञानं सांगितली असेल ती प्रोटीन पावडर, किंवा त्याच तज्ज्ञाची परवानगी मिळाल्यावर गाळलेलं दाट मुगाचं कढण.

पण माझ्या मते सगळ्यात नेमकी भेट म्हणजे गोळ्यांची डबी, आणि ती दर महिन्याला भरून देणं. सात वारांची, प्रत्येक वाराला तीन-चार खण असलेली पारदर्शक डबी औषधाच्या दुकानात मिळते. ती भरायला बसलं की कळतं, प्रकरण किती नाजूक आहे. मल्टिव्हिटॅमिन, बी-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह. आणि ही यादी चार महिन्यांची नव्हे, जन्माची. लोह आणि कॅल्शियम एका खणात चालत नाहीत, एक दुसऱ्याला अंगी लागू देत नाही, म्हणून मध्ये किमान दोन तासांचं अंतर. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तरी तेच होतं, आणि आपल्याकडे सकाळची गोळी चहाबरोबरच घ्यायची रीत. कॅल्शियममध्येही फरक आहे: दुकानात पटकन हाती येतं ते बहुतेक वेळा कार्बोनेट, ते विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि या पोटात आम्ल कमी झालेलं असतं, म्हणून सायट्रेट मागून घ्यावं लागतं. डोकं दुखलं की घरातली आयबुप्रोफेन घेणं बायपासवाल्याला अल्सरपर्यंत नेऊ शकतं. यावर दोन आक्षेप येणार. एक, औषध ही काय भेट झाली, अशुभ वाटतं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू आपण आनंदानं देतो. ते तरी दुसरं काय असतं? दुसरा आक्षेप वजनदार आहे: गोळ्या ठरवणं डॉक्टरचं काम. अगदी खरं. म्हणूनच आपल्या मनानं गोळी नेऊ नये. चिठ्ठीवर आहे तीच आणावी, किंवा वर्षाच्या रक्ततपासणीचे पैसे भरावेत. चिठ्ठी लिहिणं डॉक्टरच्या हाती. ती सहाव्या महिन्यातही घरात पाळली जाईल का, हे त्याच्या हाती नाही. गोळ्या सुटतात त्या मुख्यतः बरं वाटायला लागतं म्हणून, आणि महिन्याचं बिल डोळ्यांत येतं म्हणून.

कपड्यांचं सांगायचं तर आपला उल्हासनगर-बदलापूरचा भाग नशीबवान आहे. पहिल्या वर्ष-दीड वर्षात शरीराचं चौथा हिस्सा वजन किंवा त्याहून जास्त जातं, म्हणजे एकशे वीस किलोच्या माणसाचे तीसेक किलो. दर दोन महिन्यांनी पँट कमरेवरून घसरते. हौसेनं महागडा ड्रेस देणाऱ्यानं तो पाचव्या महिन्यात कुठल्या मापाचा घ्यायचा, हे आधी ठरवून दाखवावं. उल्हासनगर जीन्स शिवणाऱ्यांचं गाव. तिथे अल्टरेशन करणारा शिंपी शोधावा लागत नाही आणि गजानन मार्केटमध्ये साधे कपडे बेतात मिळतात. शिंप्याकडे आगाऊ पैसे ठेवून 'येईल तेव्हा टीप घालून दे' एवढं सांगितलं तरी पुरे. बोटातली अंगठीही सैल होऊन निसटते. सोनाराकडून ती लहान करून देणं ही नवऱ्यानं द्यायची भेट. मग कामावर परत जाणं. बदलापूरहून सीएसएमटी तासाभराहून लांब, डब्यात कोपर नेमकं पोटात बसतं, आणि घोट घोट पाणी प्यायला हात मोकळा हवा. दोन महिने फर्स्ट क्लासचा किंवा एसी लोकलचा पास काढून देणं मला कुठल्याही मिक्सरपेक्षा उपयोगी वाटतं. एसीचं नाव काढल्यावर इथे भुवया उंचावतात, 2022 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरकर त्या गाडीविरुद्ध स्टेशनात उभे राहिले होते, आणि साध्या गाड्या कमी करण्याला त्यांचा विरोध रास्तच होता. पण टाक्यांच्या जखमा नुकत्या भरलेल्या एका माणसाच्या दोन महिन्यांचा प्रश्न वेगळा.

शेवटचा आक्षेप तोंडावर कुणी घेत नाही, पाठीमागे घेतात: तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली असती का, आणि मग एवढे लाड कशाला? लठ्ठपणात आनुवंशिकता, संप्रेरकं, झोप, औषधं यांचा वाटा असतो, हे आता वैद्यकात वादाचं राहिलेलं नाही. वजन घटवू लागलं की भूक वाढते आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं, म्हणून निव्वळ निग्रहानं उतरलेलं वजन टिकवणं इतकं अवघड जातं. आणि हे लाड नाहीतच, शस्त्रक्रियेचाच उरलेला भाग आहे. 'तोंडावर ताबा नाही' या समजुतीपायी कितीतरी जण ऑपरेशन झाल्याचं लपवतात, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुली. अशा घरात गोळ्यांची डबी घेऊन जाणं म्हणजे चारचौघांत वाच्यता करणं. त्यांनी स्वतः सांगितलं नसेल तर आपणही विषय काढू नये. पंक्तीत किंवा बुफेपाशी कुणी वाटीभरच घेऊन हळूहळू खात असेल, तर 'अहो, एवढंच?' असा आग्रह न करता शेजारी बसून आपणही सावकाश जेवावं. ही भेट द्यायला कारण ठाऊक असावं लागत नाही.