साठ माणसं, तीस अल्बम आणि एक बास गिटार

समजा, एखाद्या मित्राने सांगितलं की अमुक एक बँड ऐकच. तुम्ही शोधायला जाता आणि कळतं की त्यांचे नुसते स्टुडिओ अल्बमच तीसच्या वर आहेत. शिवाय सिंगल्स, लाईव्ह रेकॉर्डिंग, रेडिओसाठी केलेली सेशन्स, त्यांचे संग्रह, संग्रहांचे संग्रह... आता सुरुवात कुठून करायची?

गेलं वर्षभर माझे शनिवार-रविवार ह्याच उद्योगात गेलेत. बँडचं नाव 'द फॉल'. कामूच्या कादंबरीवरून घेतलेलं. गाव मँचेस्टरजवळचं प्रेस्टविच. सुरुवात १९७६, शेवटचा अल्बम २०१७. २४ जानेवारी २०१८ ला त्यांचा मार्क ई. स्मिथ वयाच्या साठाव्या वर्षी गेला आणि बँडही तिथेच थांबला. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो आणि ह्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं.

आधी 'पोस्ट-पंक' म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो. १९७६-७७ साली इंग्लंडात पंक आलं. तीन कॉर्ड, प्रचंड वेग आणि डोक्यात राग. त्यातल्या बऱ्याच पोरांना त्या साच्याचाही लवकरच कंटाळा आला. त्यांनी राग ठेवला आणि साचा मोडला. गिटार मागे जाऊन खरखरायला लागली, बास आणि ड्रम पुढे आले, शब्द विचित्र झाले. ह्या सगळ्याला पोस्ट-पंक म्हणतात. त्यातले बहुतेक बँड चार-पाच वर्षांत फुटले किंवा गुळगुळीत झाले. 'द फॉल' मात्र चाळीस वर्षं चालला.

मार्क स्मिथ हा सॅलफर्डच्या गोदीत कारकुनी केलेला माणूस. शाळा सोळाव्या वर्षी सोडलेली. त्याला रूढ अर्थाने गाता येत नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही फारसा केला नाही. तो बोलतो, ओरडतो, टोमणे मारतो, शब्दाच्या शेवटी एक हेल काढून 'अह्' जोडतो. कुर्डुवाडीला घरी एकदा स्पीकरवर लावलं होतं. आजोबा पाच मिनिटं शांतपणे ऐकत बसले आणि म्हणाले, "गातोय व्हय रं हा? मला वाटलं बाजारात भांडण लागलंय."

खरंय. पण त्या भांडणाच्या खाली काय चाललंय तिकडे कान दिला की मजा कळते. खाली एकच चाल, एकच ठेका, पुन्हा पुन्हा, पाच मिनिटं, आठ मिनिटं, कधी दहा. त्यांचं एक अगदी सुरुवातीचं, १९७८ चं गाणंच आहे 'रिपिटिशन' नावाचं. आपल्याकडच्या माणसाला खरं तर हे समजायला जड जाऊ नये. हलगी काय करते? भजनात शेवटची ओळ पंधरा वेळा का घेतात? पाचव्या वेळेला कंटाळा येतो, दहाव्या वेळेला डोकं हलायला लागतं. पंढरपूर आमच्यापासून तासाभरावर. आषाढीच्या आधी रात्र-रात्र चालणारी भजनं ऐकत वाढलेल्या पोराला 'द फॉल' कळायला लंडनच्या पोरापेक्षा सोपा असावा असं माझं प्रामाणिक मत आहे :-)

आता मुद्द्याचं. चाळीस वर्षांत ह्या बँडमधून साठाहून जास्त माणसं आली आणि गेली. काही कंटाळून गेली, बऱ्याच जणांना स्मिथने काढलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलेला एकटा तोच. आपल्याकडे तमाशाचा फड असतो तसं. नाव फडमालकाचं, ढोलकीवाला आज इथे, पुढच्या हंगामात दुसऱ्या फडात. स्मिथ तर म्हणायचा की मी आणि तुमची आजी बोंगो वाजवायला, एवढे दोघं असलो तरी तो 'द फॉल'च.

हे वाक्य वाचून मी दचकलो, कारण हेच मी आधी ऐकलेलं आहे. आमच्या धंद्यात माणसांना 'रिसोर्स' म्हणतात. मागच्या वर्षी आमच्या टीममधला सगळ्यात जुना माणूस गेला. नऊ वर्षं एकच सिस्टीम सांभाळणारा. नोटीस पिरियडमधल्या शेवटच्या दोन आठवड्यांत त्याची केटी घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली. नऊ वर्षांचं ज्ञान दहा मीटिंगमध्ये! मीटिंगच्या शेवटी वरचे साहेब म्हणाले, "कोणावाचून काही अडत नाही, प्रोसेस महत्त्वाची." सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली, पण ते वाक्य काही पचलं नाही.

म्हणून मग 'द फॉल' क्रमाने ऐकायचा ठरवला. बँड कळावा म्हणून तर खरंच, पण एक शंकाही फेडून घ्यायची होती. एकाच नावाखाली साठ माणसं बदलली तर कानाला काय ऐकू येतं? स्मिथ आणि आमचे साहेब म्हणतात ते खरं आहे का? असा प्रयोग एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या कोणी करून, वर रेकॉर्डिंगही ठेवलंय असं मला तरी माहीत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की कुर्डुवाडी येईपर्यंत तीन अल्बम आरामात होतात. पहिला दौंडच्या आसपास संपतो, दुसरा उजनीचं पाणी मागे पडेपर्यंत, तिसरा केम-ढवळसला. बऱ्याच अल्बमची माझ्या डोक्यात आता स्टेशनंच ठरून गेलीत.

तर काय ऐकू आलं?

१९७९ चा पहिला अल्बम 'लाईव्ह ॲट द विच ट्रायल्स'. चांगला आहे, पण पंकची सावली अजून आहे. त्याच वर्षी दोन पोरं बँडमध्ये आली. गिटारवर क्रेग स्कॅनलन, बासवर स्टीव्ह हॅन्ली. त्याच वर्षीचा 'ड्रॅगनेट' आणि पुढच्या वर्षीचा 'ग्रोटेस्क' लावा, पाया बदललेला लगेच कळतो. हॅन्लीचा बास म्हणजे मालगाडी आहे. घाई नाही, कसरत नाही, चार-पाच सुरांची एक ओळ घेऊन तो निघतो आणि मुक्कामाला पोचेपर्यंत सोडत नाही. त्याच्यावर बसून स्मिथ वाटेल ते बरळू शकतो, कारण खालची गाडी रूळ सोडणार नाही ह्याची त्याला खात्री असते.

१९८२ चा 'हेक्स एन्डक्शन अवर' हा बहुतेकांच्या मते त्यांचा कळस. साठ मिनिटं, दोन ड्रमर. एक कार्ल बर्न्स आणि दुसरा हॅन्लीचा धाकटा भाऊ पॉल, जो आला तेव्हा जेमतेम सोळाचा होता. त्यातली काही गाणी आइसलँडमध्ये रेकॉर्ड झाली. 'हिप प्रीस्ट' त्यातलंच. ते पुढे १९९१ च्या 'द सायलेन्स ऑफ द लँब्ज' सिनेमात वापरलं.

१९८३ ला मार्क रायलीला काढलं (तो पुढे बीबीसी रेडिओवर नावाजलेला निवेदक झाला) आणि अमेरिकेहून ब्रिक्स आली, स्मिथची बायको आणि गिटारवादक. लगेच गाण्यांना चाली फुटल्या. १९८५ चा 'धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस' ऐका. तोच खडबडीतपणा, पण खिडकी उघडल्यासारखा. १९८८ ला तर ह्यांनी मायकल क्लार्कच्या बॅलेला संगीत दिलं. ब्रिक्स गेली, १९९० ला 'एक्स्ट्रिकेट' आला, पुन्हा वेगळा. १९९३ ला 'दि इन्फोटेनमेंट स्कॅन' ब्रिटनच्या यादीत नवव्या नंबरला पोचला, त्यांचा सगळ्यात वरचा नंबर. ह्या सगळ्याच्या खाली कोण? हॅन्ली. स्कॅनलनला १९९५ ला काढलं. हॅन्ली एप्रिल १९९८ पर्यंत टिकला. न्यूयॉर्कला स्टेजवरच मारामारी झाली, आणि हॅन्ली, बर्न्स आणि गिटारवाला निघून गेले. एकोणीस वर्षं! हॅन्लीने पुढे शाळेत केअरटेकरची नोकरी केली.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे मला वाटत होतं की बँड संपेल. संपला नाही. १९९९ ला नवीन माणसं घेऊन 'द मार्शल सूट' आला, २००० ला 'दि अनअटरेबल', आणि दोन्ही चांगले आहेत. २००६ ला अमेरिकेच्या दौऱ्यात तिघं जण अर्ध्यातून निघून गेले तर स्मिथने तिथलेच वादक उभे करून दौरा पुढे नेला. म्हणजे साहेब बरोबर? अडत नाही?

सलग ऐकल्यावर माझं मत असं झालंय. अडत नाही हे खरंच. पण १९९८ नंतरचा बँड हा वेगळा बँड आहे. नाव तेच, आवाज तोच, गाडी दुसरी. आणि नंतरच्या काळातसुद्धा जिथे माणसं टिकली तिथेच वजन आलं. २०१० चा 'युअर फ्यूचर अवर क्लटर' हा माझा त्या काळातला आवडता अल्बम. त्यातले ग्रीनवे, स्पर, मेलिंग आणि कीबोर्डवरची एलेना पुलू ही मंडळी पुढे कितीतरी वर्षं एकत्र राहिली, आणि ते ऐकू येतं.

आमच्या कामात 'गिट ब्लेम' नावाची एक सोय असते. कोडच्या प्रत्येक ओळीसमोर ती कोणी आणि कधी लिहिली ते दिसतं. आमच्या त्या गेलेल्या सहकाऱ्याचं नाव अजूनही हजारो ओळींसमोर आहे. काम चालू आहे, अडलेलं नाही. पण काही बिघडलं की आम्ही त्याच्या ओळी उघडून बसतो आणि त्याने असं का केलं असेल ह्याचा अंदाज बांधतो. 'द फॉल' क्रमाने ऐकणं म्हणजे तेच. स्मिथने नावं पुसली, पण प्रत्येक अल्बममध्ये कोण होतं ते कानाला कळतंच.

हे सगळं आजोबांना सांगितलं. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. आमची बार्शी लाईट १८९७ ला सुरू झाली ती अडीच फुटी नॅरोगेज, विलायती कंपनीची. १९५४ ला सरकारने ताब्यात घेतली, नंतर रूळ रुंद झाले, २००८ पर्यंत लातूरपर्यंत सगळं ब्रॉडगेज. ना ती इंजिनं उरली, ना ते डबे, ना ते रूळ. आजोबा अजूनही तिला 'बार्शी लाईट'च म्हणतात. मी विचारलं, सगळंच बदललं तर मग तीच गाडी कशी? ते म्हणाले, "नाव कंपनीचं असतंय. पण कुठलं इंजिन कुणाच्या हातचं हाय ते आम्ही शिट्टी नव्हं, नुसता चाकाचा आवाज ऐकून सांगायचो."

आणि ह्याची दुसरी बाजूही आहे. स्मिथ गेल्यावर शेवटच्या तिघा वादकांनी पुढे वाजवायचं ठरवलं, पण 'इम्पिरियल वॅक्स' ह्या नव्या नावाने. जुन्यांपैकी मार्टिन ब्रामा, हॅन्ली बंधू आणि मंडळींनी 'हाऊस ऑफ ऑल' काढला, त्यांचा पहिला अल्बम २०२३ चा. तोही छान आहे. पण तो 'द फॉल' नाही आणि ते स्वतःही तसं म्हणत नाहीत. म्हणजे अडत नाही असं म्हणणाऱ्या माणसावाचूनच शेवटी अडलं!

असो. सुरुवात कुठून करायची ते राहिलंच. थेट पहिल्या अल्बमपासून सगळं ऐकायला बसू नका, दहाव्याला दम लागेल. आधी २००४ चा '५०,००० फॉल फॅन्स कान्ट बी राँग' हा ३९ गाण्यांचा संग्रह घ्या. त्यातलं जे दशक आवडेल तिथे उतरा. चाली आवडत असतील तर 'धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस', सोसवत असेल तर 'हेक्स'. त्यानंतर जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमासाठी १९७८ ते २००४ मध्ये केलेली २४ सेशन्स, सहा सीडींचा संच आहे. दर वेळी वेगळी माणसं, तोच स्टुडिओचा हिशोब, त्यामुळे फरक अगदी स्वच्छ कळतो. पील म्हणायचा, हे नेहमी वेगळे असतात आणि नेहमी तेच असतात.

आणि एक करा. एखादं १९८० ते ९८ मधलं गाणं लावून स्मिथचा आवाज पूर्ण सोडून द्या. सुरुवातीला अवघड जातं, कारण तो सोडू देत नाही. पण नेट लावून फक्त बास ऐका. तो माणूस कोण आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.