भाईंची भाषा, बाजाराचे शब्द

बोलीभाषा हा माझा अभ्यासाचा विषय. गुन्हेगारीपटांतल्या संवादांचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास विचारतं, ‘ती त्यांची सांकेतिक भाषा ना?’ थोडीफार असेलही. पण पडद्यावरच्या मुंबईतल्या टोळ्यांचे नेहमीचे शब्द उलगडत गेलं, की संकेतापेक्षा धंदाच जास्त हाती लागतो. आणि त्यातला बराचसा मराठी.

‘सुपारी’च घ्या. खुनाचं कंत्राट या अर्थाने हा शब्द हिंदी सिनेमात रुळण्याच्या कितीतरी आधीपासून तमाशाचे फड आणि गोंधळी सुपारी घेत आलेत. सुपारी घेतली की तारीख पक्की, बिदागी पक्की. दुसऱ्या गावाने चार पैसे जास्त देऊ केले तरी मागे फिरायचं नाही. लग्न ठरतं तेव्हाही सुपारी फुटते. ज्या व्यवहाराचा कागद करता येत नाही, त्यात दिल्या शब्दाची हीच खूण कामाला आली, तर नवल काय? माहीमच्या भीम राजाच्या विड्याची, जो विडा उचलेल त्याच्यावर कामगिरी, अशी एक दंतकथा यासंदर्भात सांगतात. ऐकायला झकास, पण तमाशाची राहुटी शेजारीच असताना इतक्या लांब कशाला जायचं?

‘घोडा’ तर आपल्या घरचाच. बंदुकीच्या चापाला मराठीत घोडा म्हणतात. गल्लीने त्या एका भागाचं नाव अख्ख्या पिस्तुलाला देऊन टाकलं. ‘पंटर’ हा मुळात इंग्रजीतला पैज लावणारा. इथे तो भाईच्या मागेपुढे करणारा पोऱ्या झाला. ‘फील्डिंग’ क्रिकेटमधून आली. माणूस घरातून कधी निघतो, कुठे वळतो, कोणत्या नाक्यावर पोरं उभी करायची, हे सगळं त्या एका शब्दात बसतं. ‘पेटी’ म्हणजे लाख, ‘खोका’ म्हणजे कोटी.

सिनेमाला ही भाषा सापडायला वेळ लागला. 1975च्या ‘दीवार’मध्ये गोदीतल्या हमालांकडून हफ्ता उकळणारे गुंड आहेत, पण नायक विजय बोलतो ती सलीम-जावेद यांची घोटीव हिंदुस्तानी. 1998च्या ‘सत्या’त टोळीवाला भिकू म्हात्रे आला आणि नावापासून शिवीपर्यंत सगळं बदललं. गंमत म्हणजे या चित्रपटाचे लेखक अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला दोघेही उत्तरेतून आलेले. बाहेरच्या कानाला ही बोली जास्त स्वच्छ ऐकू आली असावी. पुढच्याच वर्षी महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये पावभाजीच्या गाडीवरच्या भांडणातून रघू टोळीत ओढला जातो. मला हा चित्रपट अधिक खरा वाटतो. 1982च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत आणि चाळींतली काही पोरं नाक्यावरून टोळ्यांत गेली. त्यांनी नवी भाषा कुठून आणायची? घरात, बाजारात, मैदानावर ऐकलेलीच त्यांनी कामाला लावली.

उलटी वाटही आहे. दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ 1975चा. त्यानंतर मुंबईतला साधा शिपाई कायमचा ‘पांडू’ झाला. आणि खोका? ऑगस्ट 2022मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदार बंडखोरी करून सत्तेत गेलेल्या आमदारांना उद्देशून ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशा घोषणा देत होते. खोका म्हणजे किती, हे राज्यात कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.