दहावीनंतरची तीन वर्षं

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत वाढलेल्या माझ्या पिढीला शिक्षणानं वर काढलं, असं आम्ही सत्कार-समारंभांत अभिमानानं सांगतो. ते खरंच आहे. पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहून जाते: आमच्या वडिलांची कायम नोकरी. कुणाचे वडील रेमंडमध्ये, कुणाचे वागळे इस्टेटच्या एखाद्या कारखान्यात. शिक्षण जेमतेम, पण पगाराची तारीख ठरलेली. प्रॉव्हिडंट फंड, आजारपणात ईएसआयचं हॉस्पिटल, दिवाळीला बोनस. दहावी झालेलं पोर लगेच कमवायला लागलं नाही, तरी घर चालत होतं. आमचं पुढचं शिक्षण झालं ते त्या पगाराच्या जिवावर.

1944 साली सिंघानियांकडे आलेली रेमंडची ठाण्यातली गिरणी 2009 मध्ये बंद पडली. आता त्या बाजूला टॉवर उभे आहेत. कामं तिथंही आहेत, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, ड्रायव्हर, घरकाम. पण बहुतेक ठेक्यावरची. ठेकेदार बदलला की माणूस घरी.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची मुलगी यंदा दहावी झाली. ताईंनी परवा पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. हातांना पीठ लागलेलं, म्हणून आधी पदराला हात पुसून मग त्यांनी एकेक कागद ओट्यापासून दूर मांडला. मुलीला डिप्लोमा करायचाय. घरात मात्र दुसरं बोलणं चाललंय. मॉलमधल्या एका दुकानात मुलगी हवी आहे, पुढच्या महिन्यापासून पगार सुरू. डिप्लोमाला तीन वर्षं. नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. अशा घरानं तीन वर्षं थांबायचं कसं?

आई-बापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. असं म्हणणाऱ्यांनी ते फोल्डर पाहावं. महत्त्व पुरेपूर कळतं, थांबायची ऐपत नसते. शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. खरी ओढाताण सुरू होते त्यानंतर. फी माफ झाली तरी घरात न येणारा पगार भरून निघत नाही.

ठाण्यात हे ओळखून काम करणारी माणसं आहेत, याचं मला फार मोल वाटतं. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 पासून समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिकेची सिग्नल शाळा भरते. सिग्नलला गजरे विकणारी मुलं तिथं कंटेनरच्या वर्गांत शिकतात. विद्यादान सहाय्यक मंडळ 2008 पासून दहावी-बारावीनंतरच्या गरजू मुलांच्या पाठीशी उभं आहे. त्यांच्याकडे मुलाला पैशांबरोबर एक पालक कार्यकर्ताही मिळतो. फॉर्म कुठला भरायचा, कुठली शाखा घ्यायची, नापास झाल्यावर काय करायचं, हे विचारायला हक्काचं माणूस. आम्हाला असं माणूस गल्लीतच सापडायचं, कारण कंपनीत लागलेला कुणीतरी काका आधीच तो रस्ता चालून गेलेला असायचा.

पण शिकून बाहेर पडलेल्या मुलाला पुन्हा ठेक्याचीच नोकरी मिळाली, तर त्याच्या मुलांची दहावी पुन्हा याच ओट्यापाशी येऊन अडणार. इथं संस्था पुऱ्या पडणार नाहीत, मालकांनी पुढं यायला हवं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 पासून आहे. आयटीआय वागळे इस्टेटमध्येच आहे. त्याच इस्टेटीत जुन्या शेड पाडून काचेची ऑफिसं झाली. त्यांनी आणि उरलेल्या कारखान्यांनी दरवर्षी आसपासच्या वस्त्यांतली मुलं विद्यावेतनावर घ्यावीत, आणि काम शिकलेल्यांना कायम करावं. मुलांना तिथं यायला रिक्षाही लागणार नाही.

ताईंच्या मुलीचा पॉलिटेक्निकचा फॉर्म भरून झालाय. दुकानवाल्यानं सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय.