माडीवरचा समुद्र

डोक्यावरून घागर वाहिलेल्या माणसाला पाणी जड असतं हे सांगावं लागत नाही. तोटीच्या पाण्यावर वाढलेल्यांची गोष्ट वेगळी. आमच्या चिरंजीवांनी माडीवर ठेवायला ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा फिश टँक पसंत केला. त्यात मासे किती मावतील याचा हिशेब चोख होता. पाणी किती मावेल, हा प्रश्न त्यांच्या मते माशांचा होता.

तो हिशेब मग मी केला. ९ घनफूट, म्हणजे सुमारे २५० लिटर. लिटरला एक किलो. वर काच, वाळू, गोटे आणि लोखंडी घडवंची धरली की झाले ३५० किलो! मंठ्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची आणि २५० लिटर पाणी माशांना पोहायला द्यायचं का, असा मुद्दा सौभाग्यवतींनी काढला. तो रास्तच होता. पण माडीखाली आईची बाज आहे, त्यामुळे आधी वजनाचं बघणं भाग होतं.

घर जुनं. सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर. जालन्याहून भाचा आला. तो सिव्हिल इंजिनिअर. म्हणाला, "मामा, राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो पेलेल अशी धरायची, असं १९८७ चं भारतीय मानक ८७५ सांगतं. तुमच्या टँकखालची जागा जेमतेम अर्धा चौरस मीटर. तिथं भार तिपटीच्या वर."

"म्हणजे पडणार?"

"तसंच काही नाही. तो आकडा सबंध खोलीवर पसरलेल्या वजनाचा. शिवाय तुमची माडी बांधणाऱ्यानं तो वाचलेलाच नव्हता."

इंजिनिअर लोक धीर देतात तो असा.

मग सुतार मिस्त्री आले. त्यांनी आकडा विचारलाच नाही. शिडी लावली आणि तुळया जिथं भिंतीत शिरतात ती टोकं पटाशीनं टोचत सुटले. ओल भिंतीतून येते आणि लाकूड तिथंच आधी कुजतं. दोन तुळया ठणठणीत निघाल्या. तिसरीत पटाशी बोटभर आत गेली आणि भुसा खाली आईच्या उशीवर पडला.

"अहो, माझ्या लग्नात याच माडीवर पंगत बसली होती!" मी म्हणालो.

"माणसं जेवून उठतात, मालक. पाणी उठत नाही. कायमच्या वजनाखाली लाकूड हळूहळू वाकतच राहतं." टँक भिंतीलगत आणि कड्यांना आडवा ठेवला तर वजन चार-पाच कड्यांवर वाटलं जातं, हेही त्यांनी सांगितलं, पण तुळई धड असेल तर.

उशी झटकत आई म्हणाली, "तुझे आजे ज्वारीची पोती भिंतीकडंच लावायचे, मधी कव्हाच नाही. आन् त्या कोपऱ्यात तर एकबी नाही."

"मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"तू डोस्क्यावर समुद्र आणायलास, हे कुणाला ठाव?"

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं, तेही काही कुणाच्या माडीवर बांधलं नव्हतं, हा दाखला मी चिरंजीवांना दिला. टँक खाली आला, शहाबादी फरशीवर. तिसऱ्या तुळईला मिस्त्रींनी टेकू दिला, तो नेमका बाजेच्या जागी. बाज हलवायला आई दोन दिवस तयार नव्हती. आता ती टँकसमोर आहे, आणि आठवड्याला बदललेलं पाणी कढीपत्त्याला गेलं की नाही, याची चौकशी तिथून होते.