'रझाकार' शब्दाचे काय झाले?

'रझाकार' या शब्दाचा उर्दूतला अर्थ अगदी साधा आहे. जो स्वतःच्या मर्जीने सेवा करतो तो, म्हणजेच स्वयंसेवक. पण हा अर्थ आता शब्दकोशापुरताच उरला आहे. मराठवाड्यात तो शब्द ऐकला की कासीम रझवीची संघटना आणि १९४८ सालची दहशत आठवते. बांगलादेशात त्याचा अर्थ होतो गद्दार.

पाकिस्तान धर्माच्या नावावर उभे राहिले. २१ मार्च १९४८ रोजी जिनांनी ढाक्यात जाहीर केले की राष्ट्रभाषा उर्दूच असेल. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. गोळी चालवणारेही मुसलमान, मरणारेही मुसलमान. पुढे १९७१ मध्ये नऊ महिने युद्ध झाले. सुमारे एक कोटी लोक जीव मुठीत धरून भारतात आले. पाकिस्तानी लष्कराने मदतीला जे स्थानिक दल उभे केले, त्याचे नाव 'रझाकार'. १६ डिसेंबरला लष्कर शरण आले आणि भाषेच्या अस्मितेवर एक राष्ट्र जन्मले.

उर्दूची शिक्षिका म्हणून मला हा इतिहास टोचतो. ज्या भाषेवर मी प्रेम करते, ती तिथे जुलमाची भाषा ठरली, आणि तसे वाटण्याला कारणही होते. पण युद्ध संपल्यावर काय झाले? बिहारमधून तिथे गेलेल्या उर्दूभाषकांपैकी अनेकांनी पाकिस्तानची बाजू घेतली होती. शिक्षा मात्र साऱ्या जमातीला मिळाली. ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांत जी मुले युद्धानंतर जन्मली, त्यांचा काय गुन्हा? त्यांना नागरिक म्हणून मान्यता मिळायला २००८ चा उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

युद्धाची आठवण राष्ट्राला कणा देते, हे खरे. पण सत्ताधारी तिचा वापर देशभक्तीचे प्रमाणपत्र वाटण्यासाठी करू लागले, की ती आठवणच झिजते. २०२४ मध्ये नोकऱ्यांतल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांच्या ३० टक्के कोट्याला विद्यार्थ्यांनी विरोध केला. तेव्हा पंतप्रधान शेख हसीना यांनी रझाकारांच्या नातवंडांचा विषय काढला. संतापलेल्या मुलांनी तोच शब्द घोषणेत स्वतःला लावून घेतला. ५ ऑगस्टला हसीनांना देश सोडावा लागला.

आपल्याकडेही उर्दू बोलणाऱ्या मुलाला कुणी सहज 'रझाकार' म्हणून जाते. अशा वेळी मी शोएबुल्ला खान यांचे नाव सांगते. ते हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावे, असे ते उर्दूतच लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. मारेकऱ्यांची भाषा उर्दू होती, तशी त्यांचीही उर्दूच होती. मग त्या मुलाचे नाते यांतल्या कुणाशी, हे आपण कशावरून ठरवतो?